कौशल्य आराखडा करणाऱ्यांना खुलं पत्र: आमच्या बाबांचं प्रोफाइल अजून अर्धवट आहे

जिल्ह्याजिल्ह्याचे कौशल्य आराखडे करणारे साहेब, मॅडम, आणि त्यांना डेटा पुरवणारी कन्सल्टंट मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी उचगावचा, म्हणजे कोल्हापूरला लागूनच, एका बाजूला शिरोली एमआयडीसी आणि दुसऱ्या बाजूला गोकुळ शिरगाव. बाबा एकतीस वर्षं फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात, मोल्डर होते, म्हणजे वाळूचे साचे करायचे. मी इंजिनिअरिंग करून पुण्याला पळालो, तिथं आठ वर्षं भरतीचा डेटा हाताळणाऱ्या एका कंपनीत काढली, लॉकडाऊनमध्ये घरी आलो तो इथंच राहिलो. हे आधीच सांगतोय, कारण पुढं जे लिहिणार आहे ते "डेटा बिटा सगळं खोटं असतं" म्हणणाऱ्या माणसाचं नाहीये, माझं पोट त्याच्यावरच चालतं.

मध्यंतरी एका बैठकीला मागच्या खुर्चीवर बसायचा योग आला. कुठली बैठक, कुणी घेतली ते लिहीत नाही, कारण असाच पीपीटी मी दुसऱ्या जिल्ह्यातही बघितलाय, फक्त वरचं नाव बदललेलं. तिसऱ्या का चौथ्या स्लाइडवर मोठ्ठा बार चार्ट, 'जिल्ह्यातील प्रमुख कौशल्ये', खाली बारीक अक्षरात लिंक्डइनचा, म्हणजे नोकरीवाले आपापलं प्रोफाइल टाकतात त्या वेबसाइटचा, उल्लेख. पहिलं कौशल्य एक्सेल, मग मॅनेजमेंट, कम्युनिकेशन, लीडरशिप, टीमवर्क असं करत करत दहाव्या नंबरपर्यंत, आणि त्याच्यावरून पुढच्या स्लाइडवर शिफारस अशी की डिजिटल मार्केटिंग आणि डेटा ॲनालिटिक्सचे कोर्स काढावेत. माझ्या शेजारी एक फाउंड्रीवाले काका बसले होते, ते हळूच मला म्हणाले, "लीडरशिप लई झाली वो, मला फर्नेसवर उभा राहणारा माणूस पायजे." मी हसलो, पण खरं सांगायचं तर लाजही वाटली, कारण अशा स्लाइडी मी स्वतः केल्यात. दुसऱ्या शहरांच्या, दुसऱ्या क्लायंटसाठी, पण अगदी अश्याच.

म्हणून हे पत्र. लिंक्डइन वापरू नका असं माझं म्हणणं अजिबात नाही. वापरा. पण ते ज्या गोष्टीचं उत्तर देतं तीच गोष्ट त्याला विचारा. जिल्ह्यात कोण काम करतंय हे त्याला नीट ठाऊक नसतं. जिल्ह्यातनं शिकून कोण बाहेर गेलं, कुठं गेलं, तिथं काय शिकलं आणि परत आलं का, हे मात्र त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं, आणि गंमत म्हणजे तेवढं एकच कुणी विचारत नाही.

आधी बाबांचा किस्सा सांगतो. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मी बसून बाबांचं लिंक्डइन प्रोफाइल करायला घेतलं. चेष्टा म्हणूनच. हुद्द्याच्या रकान्यात मोल्डर टाइप करायला लागलो तर खाली जे पर्याय येतात त्यात प्लास्टिकवालं मोल्डिंग, इंजेक्शन मोल्डिंग, ब्लो मोल्डिंग. बाबांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "बादल्या करतो व्हय मी?" मग स्किलचा रकाना. आता बाबांचं खरं स्किल काय, तर वाळू मुठीत दाबायची, मूठ उघडायची, तो गोळा बोटांच्या मध्ये मोडायचा आणि त्याची कड बघायची. कड सरळ तुटली, बोटांचे ठसे स्पष्ट उठले आणि तळहाताला ओल चिकटली नाही तर वाळू बरोबर. कड भुगा होऊन पडली तर पाणी कमी, हाताला चिकटली तर जास्त, आणि जास्त पाण्याच्या वाळूत तापलेलं लोखंड ओतलं की वाफ कुठून तरी वाट काढणार, म्हणजे कास्टिंगमध्ये, ओतलेल्या तुकड्यात, ब्लोहोल, हवेचं भोक, म्हणजे भट्टीतनं एका वेळी ओतलेली अख्खी हीट रिजेक्शनला. आता सँड लॅब असते, मशीन असते, तरी लॅबचा रिपोर्ट यायच्या आधी सुपरवायझर बाबांकडं मूठ करून दाखवायचा. याला त्या ड्रॉपडाउनमध्ये शब्द सापडला नाही. बाबा म्हणाले, "हे वाचणार कोण?" आणि उठून गेले. प्रोफाइल तिथंच अर्धवट पडलंय, तरी ते म्हणतंय पन्नास टक्के पूर्ण झालं.

ही झाली एका माणसाची गोष्ट. आता शब्दांची भानगड बघा, कारण तुमचा सगळा चार्ट शब्दांवरच उभा आहे. आपल्याकडं पॅटर्न मेकर म्हणजे लाकडाचा, ॲल्युमिनियमचा नमुना करणारा, ज्याच्यावरून साचा घेतात. इंग्रजी सॉफ्टवेअरला पॅटर्न मेकर म्हणजे कपड्यांचं कटिंग करणारा. कामधंद्यांचं सरकारी वर्गीकरण, म्हणजे एनसीओ २०१५, यात या भानगडी सुटलेल्या आहेत, धातूचे मोल्डर आणि कोअर मेकर (साच्याच्या आतला गाभा करणारे) ७२११ मध्ये, कपड्यांचे पॅटर्नवाले ७५३२ मध्ये, दोघांची गाठ पडायचं कारण नाही. पण लोक लिंक्डइनवर कोड लिहीत नाहीत, शब्द लिहितात. तसंच कास्टिंग. मी एकदा कोल्हापूर आणि कास्टिंग असं टाकून बघितलं तर फाउंड्रीवाल्यांच्या मध्येच नाटक-सिरियलला नटनट्या शोधून देणारी मंडळी, जे आपल्या गावात चुकीचंही म्हणता येत नाही, चित्रनगरी इथंच आहे. आणि इचलकरंजीचा जॉबर! तिथं जॉबर म्हणजे माग बिघडला की ज्याच्या नावानं हाका मारतात तो, लूम सेट करणारा, अख्ख्या खात्यातला मोठा माणूस. शेअर बाजारात जॉबर म्हणजे दिवसभर खरेदी-विक्री करणारा. डेटावाल्या पोरानं पुण्यात बसून हे दोन्ही एकाच खोक्यात टाकलं तर इचलकरंजीत अचानक शेअर दलालांचा क्लस्टर निघेल आणि कुणीतरी त्याच्यासाठी ट्रेनिंग सेंटर मंजूर करेल. हसू नका, मी याच्यापेक्षा वाईट बघितलंय.

आणि हे निदान इंग्रजी शब्द तरी आहेत. वहिफणी करणारे, कांडी भरणारे, घडीवाले, सायझिंगवाले, दिवाणजी, यांचं काय करणार? इचलकरंजीत लाखाच्या वर माग आहेत, आणि त्या धंद्यातली निम्मी कामं इंग्रजीत नावच नसलेली. बीमचं एकेक सूत वहीतनं आणि फणीतनं ओढून घेणाऱ्या माणसाला तुम्ही टेक्स्टाइल एक्झिक्युटिव्ह म्हणणार का? हुपरीत तर चांदीचं काम घराघरात चालतं, सोप्यात, म्हणजे ओसरीवर, बसून बायका पैंजणाच्या कड्या जोडतात, स्वयंपाक झाला की बसायचं, पोरं शाळेतनं आली की उठायचं. त्या बाईला कोणी विचारलं काय करतेस तर "घरीच असते" म्हणेल. हे काम लिंक्डइन सोडा, नीट प्रश्न विचारला नाही तर सरकारी सर्व्हेतसुद्धा निसटतं.

आता हे काय माझं एकट्याचं रडगाणं नाही. २०१८ साली वर्ल्ड बँक आणि लिंक्डइन यांनी मिळून शंभराहून जास्त देशांचा डेटा बाहेर काढला, नोकऱ्या, कौशल्यं, स्थलांतर असा सगळा. त्यांनी तेव्हाच पडताळणी करून सांगितलं होतं की आयटी, फायनान्स, प्रोफेशनल सेवा असल्या क्षेत्रात हा डेटा बऱ्यापैकी धरून चालता येतो, आणि विकसनशील देशात, शेती-बांधकामासारख्या क्षेत्रात चित्र विरळ होत जातं. तेसुद्धा देशाच्या पातळीवर. तुम्ही तेच घेऊन तालुक्यापर्यंत उतरलात. भारतात लिंक्डइनचे दहा कोटींच्या वर मेंबर आहेत, अमेरिकेनंतर आपलाच नंबर, ऐकायला लई मोठं वाटतं. पण पीएलएफएस २०२३-२४, म्हणजे सरकारचा रोजगाराचा सर्व्हे, उघडा, काम करणाऱ्या शंभरातले ५८ जण स्वतःचा धंदा नाहीतर शेती करणारे, साधारण २० रोजंदारीवर, आणि नियमित पगारवाले फक्त २२ च्या आसपास. लिंक्डइन मुख्यतः त्या बावीसमधल्या इंग्रजी येणाऱ्या, खुर्चीवर बसणाऱ्या भागाचं आहे. बाकीच्यांनी तिथं खातं उघडावं तरी कशाला? हेल्परला काम लिंक्डइनवरून मिळत नाही, मुकादमाच्या फोनवरून मिळतं. फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या कास्टिंगच्या कडा घासून साफ करायला, बिहार-झारखंड-ओडिशाकडची पोरं येतात ती गावच्या माणसाच्या ओळखीनं, आणि ऊसतोडीला बीडकडून टोळ्या येतात त्या उचल घेऊन, हंगामाआधी ठरवून. चार-पाच महिने जिल्ह्यात राबणारी एवढी माणसं, तुमच्या चार्टमध्ये त्यांची सावली पण नाही.

बरं, जे आहेत ते तरी खरं लिहितात का? माझंच घ्या. मी उचगावात आईच्या हातचा चहा पीत हे टाइप करतोय आणि माझ्या प्रोफाइलवर लोकेशन अजून पुणे आहे. मुद्दाम. कारण रिक्रूटर सर्च करताना पुण्याचा फिल्टर लावतो, कोल्हापूर टाकलं की फोन यायचे बंद. माझ्यासारखे घरून काम करणारे किती जण असतील, कोल्हापूर-सांगलीत बसलेले आणि कागदावर पुण्यात किंवा बेंगळुरात. म्हणजे तुमच्या जिल्ह्यात असलेलं आयटीचं मनुष्यबळ तुम्हाला दिसत नाही. उलट माझा मित्र, आयटीआय करून व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, सेटर झालेला, त्याचं खातं ॲप्रेंटिसशिपच्या वेळी कुणीतरी काढून दिलं होतं, त्यात तो २०१७ पासून विद्यार्थीच आहे. पासवर्ड विसरला. तो आज महिन्याला माझ्या काही पुणेकर मित्रांइतकं मिळवतो, ओव्हरटाइम धरून, पण डेटात तो बेरोजगार फ्रेशर. आणि माझा चुलतभाऊ, ज्याचं चपलांचं दुकान आहे, तो फाउंडर अँड सीईओ आहे. असू दे बिचारा.

आणखी एक बारीक गोष्ट, जी फक्त छोट्या गावात राहणाऱ्यालाच कळते. ते प्रोफाइल फोटोभोवतीचं हिरवं कडं, काम शोधतोय म्हणून सांगणारं, ते २०२० मध्ये आलं. पुण्या-मुंबईत लोक बिनधास्त लावतात. इथं कोण लावणार? मालक आणि तुम्ही एकाच लग्नात जेवायला, मालकाच्या पोराला तुमच्या बहिणीनं क्लासला शिकवलेलं. संध्याकाळपर्यंत बाबांना फोन येईल, "पोरगं नाराज आहे काय हो आमच्यावर?" म्हणून लोक गपचूप दोन-चार जणांना व्हॉट्सॲप करतात. तेव्हा जिल्ह्यात नोकरी बदलायची इच्छा कमी आहे असा निष्कर्ष त्या कड्यांवरून काढू नका.

हे सगळं झाल्यावर तुम्ही म्हणाल मग करायचं काय, सरकारी आकडे तरी कुठं धड आहेत. बरोबर आहे. जनगणना २०११ ची, पुढची आता २०२७ ची. पीएफचा डेटा चांगला, दर महिन्याला येतो, पण पीएफ लागतो वीस कामगारांपासून आणि मग १९ कामगारांचे कारखाने किती निघतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीय. शिवाय कंत्राटी कामगाराचा पीएफ कंत्राटदाराच्या कोडवर, तो कोड कुठल्या गावचा देव जाणे. ई-श्रमवर देशात ३० कोटींच्या वर नोंदण्या झाल्यात, त्यात कामाचा प्रकार विचारलेला आहे, असंघटित कामगारांसाठी तोच बरा आधार, पण नोंद एकदा केली की कोण परत जाऊन बदलतो. पीएलएफएस जानेवारी २०२५ पासून बदललाय, दर महिन्याला आकडे यायला लागलेत आणि नमुना निवडताना जिल्हा हा पायाचा घटक धरतात, ही मला वाटतं गेल्या कित्येक वर्षातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे आणि त्याच्यावर एकाही पीपीटीत एक ओळ मी बघितलेली नाही. कारण त्याचे बार रंगीत नसतात.

पण या सगळ्या सरकारी आकड्यांना एक गोष्ट येत नाही. ते फोटो काढतात. माणूस त्या दिवशी काय करत होता एवढंच. तो आधी कुठं होता, मग कुठं गेला, याची सलग साखळी त्यांच्यातनं नीट लागत नाही. लिंक्डइनला हेच येतं. प्रोफाइल म्हणजे शेवटी माणसाचा प्रवास, सालासकट.

मी मागच्या दिवाळीत दोन संध्याकाळी बसून एक साधं काम केलं. कुठल्याही कॉलेजच्या लिंक्डइन पेजवर माजी विद्यार्थ्यांचा एक भाग असतो, फुकट असतो, त्यात शिक्षणाची सालं टाकली की ते कुठं राहतात, कुठल्या कंपनीत आहेत, काय काम करतात, काय शिकले, असं सगळं एकत्रित दिसतं. आपल्या पट्ट्यातली चार-पाच कॉलेजं घेतली, पाच पाच वर्षांचे तुकडे केले, वहीत लिहून काढलं. आकडे इथं देत नाही, कारण ते हलते असतात आणि मी काही सर्टिफाइड एजन्सी नाही. पण जे दिसलं ते असं. पुणे पहिलं, ते कुणालाही सांगता आलं असतं. पण मेकॅनिकल करून गेलेल्या पोरांचा मोठा भाग सॉफ्टवेअर टेस्टिंगला लागलेला, म्हणजे चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स शिकून शेवटी टेस्ट केस लिहितायत. आणि दुसरा एक छोटा गट होता, त्याच्यामुळं मी रात्री एक वाजेपर्यंत बसलो. भोसरी, चाकण, तळेगाव इकडं वाहनांच्या आणि कास्टिंगच्या कंपन्यांत सात-आठ-दहा वर्षं घातलेले, मेथड्समध्ये, सिम्युलेशनमध्ये, क्वालिटीत काम केलेले, आणि त्यातले काही मग परत आलेले. कागल, शिरोली, गोकुळ शिरगाव. परत आलेल्यांच्या प्रवासात एक गोष्ट वारंवार दिसली, ते साधारण तिशीच्या पुढं-मागं येतात आणि बहुतेक थेट वरच्या जागेवर, मॅनेजर किंवा प्लांट हेड म्हणून, नाहीतर मग स्वतःचं काढायला. मधल्या जागेवर परत आलेला क्वचितच दिसला.

आता हे बघून प्रश्न पडतो ना? मधल्या जागा इथं नाहीत की आहेत पण पगार नाही? की जागा आहेत, पगारही आहे, पण त्या कुणाला कळत नाहीत, कारण जाहिरात गेटवरच्या बोर्डावर लागते आणि तो माणूस बसलाय पुण्यात, वाकडला? याचं उत्तर लिंक्डइन देणार नाही. पण प्रश्न तिथनंच मिळाला. आणि तो आयटी पार्कच्या वादात पण लागतो बरं का. कोल्हापुरातल्या शेंडा पार्कात आयटी पार्क पाहिजे म्हणून किती वर्षं चाललंय, बाजूनं बोलणारे म्हणतात आमची हजारो पोरं परत येतील, विरोधात बोलणारे म्हणतात कोण येतंय. दोघांकडंही कागद नाही. इथल्या कॉलेजातनं बाहेर पडलेले, आयटीत पाचहून जास्त वर्षं झालेले, कुठल्या कामात आहेत, किती जण मॅनेजर होऊन बसलेत ज्यांना इथं टीम चालवता येईल, याचा अंदाज या माजी विद्यार्थ्यांच्या पानावरून एका आठवड्यात बांधता येतो. त्याला भोक आहेच, बारावीनंतर लगेच पुण्याला कॉलेजला गेलेली पोरं यात येत नाहीत, कारण गाव कोण लिहितो प्रोफाइलवर. पण शून्यापेक्षा बरं. मग त्यातल्या शंभर-दीडशे जणांना फोन करा. कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघटनांकडं नंबर असतात, त्यांच्यामार्फत करा.

आणि हो, परवानगी घेऊन करा. हे मला जरा तावातावानं सांगायचंय. त्या बैठकीत एक स्लाइड होती, तालुका, क्षेत्र, हुद्दा आणि स्त्री-पुरुष असं फोडलेलं टेबल. एका ओळीत एका तालुक्यात धातुशास्त्राच्या कामात असलेल्या स्त्रियांचा आकडा होता २. हॉलमध्ये बसलेल्या निम्म्या लोकांना त्या दोघी कोण ते माहिती होतं! एकानं तर नावही घेतलं, मोठ्यानं, कौतुकानंच, पण घेतलं. पुढच्या स्लाइडवर "नोकरी बदलण्याची शक्यता" असा काहीतरी स्कोअर होता. म्हणजे त्या बाईच्या मालकाच्या समोर, तिला न विचारता, ती सोडून जाईल का याची चर्चा. एवढ्या छोट्या संख्या बाहेर दाखवायच्या नसतात हा या धंद्यातला पहिला धडा. लिंक्डइनच्या स्वतःच्या जाहिरातीच्या टूलमध्येसुद्धा ३०० पेक्षा कमी लोक निवडले तर पुढं जाऊ देत नाही. कंपनी जाहिरात विकताना जेवढं पाळते तेवढं तरी आपण पाळूया.

आणि तो डेटा आला कुठून होता, हेही कुणी विचारलं नाही. मी चहाच्या वेळी विचारलं तर उत्तर मिळालं, "पब्लिक डोमेनमध्ये असतो सर." असतो, पण असा ओरबाडून काढायला लिंक्डइनच्या अटींमध्ये मनाई आहे. अमेरिकेत हायक्यू नावाची एक कंपनी याच्यावरून २०१७ पासून लिंक्डइनशी कोर्टात भांडली, उघडी प्रोफाइलं खरवडणं हा हॅकिंगच्या कायद्याखाली बहुधा गुन्हा होत नाही असं वरच्या कोर्टाचं मत तिच्या बाजूनं पडलं, तरी शेवटी २०२२ मध्ये करार मोडल्याच्या मुद्द्यावर तिला माघार घ्यावी लागली. २०२१ मध्ये असाच खरवडलेला कोट्यवधी प्रोफाइलांचा डेटा विकायला निघाला होता. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात माणसानं स्वतः जाहीर केलेल्या माहितीला सूट आहे, मान्य, पण नोकरी मिळावी म्हणून जाहीर केलेली माहिती आणि मालकासमोर आपला स्कोअर लावावा म्हणून जाहीर केलेली माहिती यात फरक आहे हे कळायला कायदा कशाला पाहिजे?

मागणीची बाजू राहिली. कारखान्यांना कोण पाहिजे. तुमच्या अहवालात ऑनलाइन जॉब पोस्टिंग मोजलेत. एमआयडीसीतनं एकदा गाडीवरून चक्कर मारा हो. प्रत्येक दुसऱ्या गेटवर 'पाहिजेत' लिहिलेलं असतं. कुठं फ्लेक्स, कुठं पत्र्यावर पेंट, कुठं वहीचा कागद चिकटपट्टीनं. आमच्या वाटेवर एका गेटला पत्र्याचा बोर्ड आहे, त्यावर 'पाहिजेत' आणि फोन नंबर ऑइल पेंटनं कायमचा रंगवलेला, मधली जागा काळी, तिथं खडूनं लिहितात. व्हीएमसी ऑपरेटर २, फेटलर ६, हेल्पर. पाऊस आला की खडू जातो, परत लिहितात. गेली दोन वर्षं मी बघतोय, ऑपरेटर येतात जातात, फेटलरची ओळ कधी पुसलेलीच नाही. म्हणजे तिथं कोर्स काढून उपयोग नाही, ते काम असं आहे की ग्राइंडरची धूळ आणि आवाज सोसून त्या पगारात कोणी टिकत नाही, आणि इथली पोरं तर तिकडं फिरकत नाहीत. ही माहिती तुमच्या कुठल्या डॅशबोर्डवर आहे? आयटीआयच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांना दर तीन महिन्यांनी एक दिवस द्या, दोघा-दोघांना एकेक रस्ता वाटून द्या, गेटवरच्या बोर्डांचे फोटो काढून आणायला सांगा. चार फेऱ्या झाल्या की कुठली ओळ हलते आणि कुठली हलत नाही ते आपोआप दिसेल. खर्च वडापावचा. पोरांना कारखाने कळतील ते वेगळंच.

आणि त्यांच्याकडूनच शब्दांची यादी करून घ्या. इथले शब्द एका बाजूला, एनसीओचा कोड दुसऱ्या बाजूला. जॉबर, वहिफणीवाला, कोअर मेकर, शेकआउटवाला, पॅटर्नवाला, घडीवाला. दोनशे शब्द भरतील फार तर. ही यादी झाल्याशिवाय कुठलाही डेटा, लिंक्डइनचा असो की कुणाचा, जिल्ह्यावर चढवू नका. मी माझ्यापुरती सुरू केलीय, त्रेपन्न शब्द झालेत, पाहिजे तर तशीच देऊन टाकतो, फी-बी काही नको. काही शब्दांवर बाबा आणि त्यांच्या मित्रांचं अजून एकमत नाही, लॅडल, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायचं भांडं, धरणाऱ्याला काय म्हणायचं याच्यावर गेल्या आठवड्यात आमच्या सोप्यात दोन तास वाद झाला आणि चहा तीन वेळा.

तेव्हा पुढची बैठक हॉलमध्ये ठेवायच्या आधी एक सकाळ काढा. फर्स्ट शिफ्ट सातला लागते, पावणेसातला शिरोली फाट्यावर या, मी उभा असतो. त्या काळ्या बोर्डापासून सुरुवात करू. बाबा पण यायचं म्हणतायत, त्यांना त्या ड्रॉपडाउनवाल्यांना एकदा वाळू हातात द्यायची आहे.

आपला,
एक उचगावकर
(प्रोफाइलवर अजून पुणेकर)